रात्री जवळ, दिवसा अनोळखी: एकतर्फी प्रेमात शरीर आलं की नक्की काय होतं

एकतर्फी प्रेम म्हटलं की आपल्या डोक्यात एकच चित्र येतं, कॉलेजच्या कट्ट्यावर बसून लांबून बघणारा कुणीतरी, ज्याची कधी बोलायची हिंमतच झाली नाही. त्या चित्रात स्पर्श नसतो. त्यामुळे ज्या दोघांच्यात शरीरसंबंध आहेत तिथेही प्रेम एकतर्फी असू शकतं हे बऱ्याच जणांच्या पचनीच पडत नाही. "अगं मग तो येतो कशाला तुझ्याकडे, काहीतरी वाटत असेलच ना त्याला" हे वाक्य मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय आणि एकदा मी स्वतःपण एका मैत्रिणीला म्हटलंय, ज्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण माझं ते वाक्य धरून तिने अजून आठ महिने वाट बघितली.

तिचीच गोष्ट घेऊ, तिला विचारूनच लिहितेय. पुण्यात आयटीत जॉब, बाणेरला दोघींत मिळून फ्लॅट. तो ट्रेकिंगच्या ग्रुपमधला. सुरुवातीलाच त्याने सांगितलं होतं की "मला सध्या रिलेशनशिप वगैरे नकोय." आता यात महत्त्वाचा शब्द त्याच्यासाठी 'नकोय' होता आणि तिच्यासाठी 'सध्या'. पुढचं दीड वर्ष ती त्या एका 'सध्या'वर जगली. रात्री साडेदहा-अकराला मेसेज यायचा, "जागीयेस?" आणि फ्लॅटमेट गावाला गेलेली असली की तो यायचा, सकाळी सहाच्या आत निघून जायचा, का तर सोसायटीचा वॉचमन बघेल. ट्रेकला भेटले की बाकी पंधरा जणांशी बोलतो तसाच तिच्याशी. दीड वर्षात बाहेर एकत्र एक कटिंग चहा प्यायले नव्हते ते. तिला डेंग्यू झाला तेव्हा "टेक केअर" एवढा मेसेज आला आणि मग बारा दिवस काहीच नाही, आणि हे मला सांगताना तीच त्याची बाजू मांडत होती की त्याला रिलीज होतं, काम होतं.

बाहेरून बघणाऱ्याला हे दोन मिनिटांत कळतं. आतल्या माणसाला दीड वर्षात का कळत नाही हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर 'ती येडी आहे म्हणून' हे नाही. ती हुशार आहे, दुसऱ्यांना चांगले सल्ले देते. आत जे चालू असतं त्याला एक यंत्रणा आहे आणि ती समजली की स्वतःची लाज वाटणं तरी थोडं कमी होतं.

डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 'लिमरन्स' असा एक शब्द बनवला आणि १९७९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. शेकडो लोकांशी त्या प्रेमात पडण्याबद्दल बोलल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की काही लोकांची एक ठरावीक अवस्था होते, म्हणजे सतत त्याच माणसाचा विचार, त्याच्या छोट्या छोट्या वागण्यातून अर्थ काढत बसणं, त्याने हसून बघितलं तर दिवस सोन्याचा आणि रिप्लाय नाही आला तर पोटात गोळा. या अवस्थेला जगायला दोन गोष्टी एकत्र लागतात, आशा आणि अनिश्चितता. समोरून पूर्ण होकार आला की ती हळूहळू निवळते, दोघं मग साध्या नात्यात येतात. स्पष्ट नकार आला आणि आशेला जागाच उरली नाही तरी हळूहळू विझते, रडूनरडून का होईना. पण तळ्यात-मळ्यात चालू राहिलं की ती वर्षानुवर्षं टिकते.

आता शरीरसंबंध असलेलं एकतर्फी प्रेम बघा, तिथे तळ्यात-मळ्यातची सोयच करून ठेवलेली असते. लांबून बघणाऱ्याला आशेला खाऊ घालायला फार काही मिळत नाही, एखादी नजर, एखादं "हाय". इथे मात्र समोरचा माणूस केसांतून हात फिरवतो, झोपेत कुशीत ओढतो, त्या वेळी कदाचित प्रेमाचं काही बोलतोपण. हा स्पर्श खोटा नसतो, त्या वेळेपुरती त्याला ती हवीच असते. फक्त तो होकार त्या रात्रीपुरता असतो आणि आपण तो आयुष्यभराचा म्हणून वाचतो. माझ्या मैत्रिणीचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, ती म्हणायची, "असा जवळ घेणारा माणूस मला नको कसं म्हणेल?"

दुसरी गोष्ट आहे ती 'कधी मिळेल ते माहीत नाही' याची. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये यावरचं बरंच मोठं काम प्रसिद्ध केलं, प्रयोग मुख्यतः कबुतरांवर. समजा कबुतराने चोच मारली की दर वेळी दाणा मिळतो, तर दाणा बंद केल्यावर ते लवकरच नाद सोडतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी चाळिसाव्या, कधी सलग दोनदा असा बेभरवशाचा मिळत असेल तर दाणा पूर्ण बंद झाल्यावरसुद्धा ते कितीतरी जास्त वेळ टोचत राहतं, कारण आत्ता नाही मिळाला म्हणजे कधीच मिळणार नाही असं त्याला समजायला काही मार्गच नसतो. जुगाराची मशीन याच तत्त्वावर चालतात. आणि बारा दिवसांनी अचानक आलेला "जागीयेस?" पण. तो रोज आला असता तर कदाचित तिला त्याचे दोष दिसले असते, त्याच्या घोरण्याचा कंटाळा आला असता. आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम सगळं, यामुळे मेंदूला त्या मेसेजची चटकच लागते. तिने फोनचा आवाज त्याच्यासाठी वेगळा ठेवला होता.

तिसरी गोष्ट हार्मोनची, आणि इथे नेटवर भरपूर काहीबाही लिहिलेलं असतं म्हणून जरा थांबून सांगते. अमेरिकेच्या गवताळ भागात प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी आहे, तो समागमानंतर सहसा जोडी करून राहतो. संशोधकांना दिसलं की यात ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या दोन रसायनांचा मोठा वाटा आहे. त्याचाच भाऊबंद, डोंगरात राहणारा मॉन्टेन व्होल, त्याच्याकडेही हीच रसायनं असतात पण तो जोडी करत नाही, कारण मेंदूत ती रसायनं पकडणाऱ्या जागा वेगळ्या ठिकाणी असतात. यातून लोकांनी सरळ उडी मारली की "बायकांना ऑक्सिटोसिनमुळे शरीरसंबंधानंतर जीव लागतो, पुरुषांना नाही." माणसाचं प्रकरण एवढं सोपं नाही. माणसाच्या जवळिकीत या रसायनांचा हात आहे, पण कुणाचा जीव कुणावर जडेल हे त्यांच्याबरोबर आधीचे अनुभव, घर, एकटेपणा, त्या माणसाबद्दल आधीपासून काय वाटत होतं, या सगळ्यावर ठरतं. व्होलच्या गोष्टीतून मला घ्यावीशी वाटते ती एवढीच गोष्ट की कृती तीच, रसायनं तीच, तरी एकाला जोडीदार मिळाल्यासारखं होऊ शकतं आणि दुसऱ्याला नाही. म्हणजे "मला इतकं वाटलं, म्हणजे त्यालाही वाटलंच असणार" हा जो हिशोब आपण करतो, तो शरीराच्या पातळीवरसुद्धा बरोबर नाही.

आणि पुरुषांना लागत नाही म्हणणाऱ्यांसाठी माझा ठाण्याचा एक मित्र. ऑफिसमधली एक जण, तिचं जुनं ब्रेकअप झालेलं, एकटं वाटलं की याला बोलवायची. याला ती मनापासून आवडायची, तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला हा रात्रभर हॉस्पिटलमध्ये बसला, आणि ती मात्र "यू आर माय कम्फर्ट पर्सन यार" म्हणून मोकळी. त्याने एकदा मित्रांना सांगायचा प्रयत्न केला तर उत्तर मिळालं, "भाई तुला फुकटात मिळतंय आणि रडतोस काय." त्यानंतर तो कुणाशीच बोलला नाही. मुलगी असली तर तिला बदनामीची भीती आणि मुलगा असला तर त्याचं दुःख दुःख म्हणून धरलंच जात नाही, दोघांनाही शेवटी गप्पच बसावं लागतं. दोन मुलांमधल्या किंवा दोन मुलींमधल्या नात्यात तर हे अजून अवघड होतं कारण तिथे बरेचदा नातंच कुणाला माहीत नसतं, मग ते तुटलं हे सांगणार कुणाला.

विलर्ड वॉलर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती, ज्याला नात्यात कमी रस असतो त्याच्या हातात नात्याची सूत्रं जातात. कमी रस असणारा सहज निघून जाऊ शकतो, त्यामुळे सगळं त्याच्या सोयीने होतं. कधी भेटायचं, कुठे, किती वेळ, फोटो काढायचा की नाही, कुणाला सांगायचं की नाही. माझी मैत्रीण शुक्रवारचे प्लॅन ठरवेनाशी झाली, न जाणो त्याचा मेसेज आला तर. त्याला आवडतात म्हणून केस वाढवले. आणि हळूहळू ती जिथे 'नको' म्हणायला हवं तिथेही 'हो' म्हणायला लागली. पाळीत पोट दुखत असताना, थकलेली असताना, इच्छा नसताना, कारण हा एकच दरवाजा उघडा आहे आणि तो पण बंद झाला तर तो येणारच नाही असं तिला वाटायचं.

यावर मला थोडं जास्त बोलायचंय. गमावण्याच्या भीतीने दिलेला होकार हा इच्छेचा होकार नसतो. बाहेरून तो सारखाच दिसतो, समोरच्याने जबरदस्ती केलेली नसते, त्याला बरेचदा कळतही नाही. पण आतमध्ये माणूस रोज थोडं थोडं स्वतःच्या शरीरापासून तुटत जातं. ती सांगायची की मी तिथे असायचेच नाही, मी छताकडे बघत विचार करायचे की आज तरी हा सकाळी चहाला थांबेल का. म्हणजे तिला हवा होता चहा, आणि चहाच्या आशेने ती शरीर देत होती. हे ओळखू आलं तर थांबा. इच्छा नसताना जवळ जाऊन प्रेम मिळाल्याचं मी तरी कुणाचं पाहिलं नाही.

हे सगळं डेटिंग ॲपमुळे आलं असं म्हणणाऱ्या काका-काकूंना एकच सांगावंसं वाटतं. आपल्याकडे कितीतरी बायकांनी हेच लग्नाच्या आत सोसलंय. दिवसभर नवरा एक शब्द बोलत नाही, दुखलंखुपलं विचारत नाही, आणि रात्री तेवढा जवळ येतो. तिचा जीव त्याच्यावर, त्याचा जीव तिच्यात नाही, आणि चार पोरं झाली म्हणजे संसार सुखाचा असं लोक धरून चालायचे. 'सिच्युएशनशिप', म्हणजे काय आहे ते न ठरवता चालू ठेवलेलं नातं, हा शब्द नवीन आहे, दुखणं जुनं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा उल्लेख आहे हे पण बऱ्याच बायकांना माहीत नसतं.

आता समोरच्याची बाजू. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांकडून त्यांच्या गोष्टी लिहून घेतल्या. ज्यांनी प्रेम केलं होतं त्यांना वाटत होतं की समोरच्याने आपल्याला इशारे दिले, झुलवलं. आणि ज्यांच्यावर प्रेम केलं गेलं त्यांना वाटत होतं की आम्ही कधीच आशा लावली नव्हती, उलट आम्हालाच अपराधी वाटत राहिलं, नाही कसं म्हणावं तेच कळेना. एकाच नात्याच्या दोन गोष्टी आणि दोन्ही मनापासून सांगितलेल्या. त्यामुळे समोरचा दर वेळी खलनायकच असतो असं मी म्हणणार नाही. ज्याला मनापासून कॅज्युअल हवंय आणि दोघांनाही तसंच हवंय, तिथे कुणाचंच काही बिघडत नाही.

पण माझं एक ठाम मत आहे. एकदा तुम्हाला दिसलं की समोरच्याचा तुमच्यावर जीव आहे, ती डोळ्यांत प्राण आणून वाट बघते, त्यानंतरही तुम्ही "मी आधीच सांगितलं होतं" म्हणून जात राहता, तर ते बरोबर नाही. पहिल्या दिवशी सांगून ठेवलं म्हणजे जन्मभराची पावती फाडली असं होत नसतं. परिस्थिती बदलली की परत बोलावं लागतं. आणि प्रेम नाही हे ठरलेलं असेल तर 'सध्या', 'आत्ता तरी', 'बघू पुढे' हे शब्द वापरू नका, तुम्हाला वाटतं तुम्ही हळुवारपणे सांगताय पण समोरचा त्याच शब्दांवर घर बांधून बसतो.

कायद्याचं थोडक्यात, कारण यात खूप गोंधळ असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये, पाळायचा इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र सुरुवातीपासूनच फसवायचं होतं का, की वचन खरं होतं आणि नंतर पाळता आलं नाही, यात सुप्रीम कोर्टाने वारंवार फरक केलाय. आणि ज्याने पहिल्यापासून लग्नाचं काही बोललंच नाही, त्याने प्रेम केलं नाही म्हणून तो गुन्हेगार होत नाही, कितीही दुखलं तरी. खाजगी फोटो-व्हिडिओ वापरून कुणी धमकावत असेल तर मात्र तो सरळ गुन्हा आहे, तिथे प्रेमाचा विचार करत बसू नका, पोलिसांत किंवा सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा.

तब्येतीचं एक सांगायलाच हवं. ज्याचा जीव जडलाय तो मनातल्या मनात धरून चालतो की आपण दोघंच आहोत. समोरच्याने तसं कबूल केलेलं नसतं. आणि कंडोमचा आग्रह धरला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणून तो धरला जात नाही. नातं काय आहे तेच ठरलेलं नसताना ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही टेस्ट मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात. गर्भ राहिला तर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की सुरक्षित गर्भपाताच्या बाबतीत लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही, त्यामुळे कुठल्यातरी गल्लीतल्या गोळ्या घेऊ नका, डॉक्टरकडे जा.

मग करायचं काय? मला विचाराल तर पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न दिवसा विचारायचा. रात्री, कुशीत असताना विचारलेल्या "आपलं काय आहे?" ला मिळालेलं उत्तर धरू नका, त्या वेळी कुणीही काहीही बोलतं, आणि तुम्हालाही हवं तेच ऐकू येतं. सकाळी दहा वाजता, बाहेर, चार लोकांत चहाच्या टेबलावर विचारा. "मला तुझ्यासोबत नातं हवंय, तुला हवंय का, हो किंवा नाही." बरं, भेटायलाच टाळाटाळ होत असेल, दीड वर्ष ओळख असून एका चहाला वेळ मिळत नसेल, तर तेच उत्तर आहे. 'बघू' हे उत्तर आलं तर तेपण 'नाही'च धरायचं. आणि त्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट पाच मैत्रिणींना पाठवून अर्थ काढणं बंद करा, कारण ज्याला तुम्ही हव्या असता त्याचा अर्थ काढायला पाच जणी लागत नाहीत.

उत्तर 'नाही' आलं तर शरीरसंबंध बंद करावे लागतात, पूर्ण. "आधी मैत्री ठेवू, मग हळूहळू" असं करून चालत नाही, कारण कबुतराची गोष्ट आठवा, शंभरातून एकदा दाणा मिळाला तरी टोचणं परत चालू. पहिले काही आठवडे फार वाईट जातात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेलन फिशर, ल्युसी ब्राऊन वगैरे संशोधकांनी नुकताच नकार मिळालेल्या पण अजून प्रेमात असलेल्या १५ जणांना त्या माणसाचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. हे लोक जागेपणीचा ८५ टक्क्यांहून जास्त वेळ त्या माणसाचाच विचार करत होते, आणि फोटो बघताना मेंदूचे जे भाग पेटत होते त्यातले काही कोकेनच्या तलफेशी संबंधित आहेत. म्हणजे ही तलफ असते, हात आपोआप फोनकडे जातो, छातीत दुखल्यासारखं होतं, जेवण जात नाही. पण त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट दिसली होती जी मला फार महत्त्वाची वाटते, नकार मिळून जितके जास्त दिवस झालेले तितकी ओढीशी जोडलेल्या एका भागातली हालचाल कमी होती. अभ्यास लहान आहे, पण दिवसांनी फरक पडतो असं त्यातून दिसतं. जगावंसं वाटेना, झोप-जेवण पूर्ण गेलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

माझ्या मैत्रिणीने शेवटी त्याला रविवारी सकाळी एका अमृततुल्यवर बोलावलं. तो आला, अर्धा तास उशिरा. तिने विचारलं. तो म्हणाला, "तुला माहितीये ना माझं." ती म्हणाली, "हो, माहितीये." दोन चहाचे पैसे तिने दिले आणि रिक्षा पकडून माझ्याकडे आली, बोलली काहीच नाही, दुपारी वरणभात खाऊन झोपली. सुमारे तीन आठवड्यांनी परत मेसेज आला, "जागीयेस?" आणि ती जागी होती. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून खोलीत परत गेली. झोप लागलीच नाही म्हणे रात्रभर, पण सहाला उठून कुणी जाणार नव्हतं म्हणून आठ वाजेपर्यंत तशीच लोळत पडली.